डोळ्याखालची पाच वर्षं

गिरणीच्या कागदावर ईरम्माचं वय साठ होतं आणि खरं पंचावन्न. यात तिची चूक एवढीच, की दहा वर्षांची असताना तिला भूक लागत होती. तीस साली सोलापुरात मार्शल लॉ झाला त्याच्या पुढच्या साली बापानं तिला अक्कलकोटकडच्या खेड्यातून उचलून आणलं, आईचं नऊवारी लुगडं नेसवलं, केसांचा अंबाडा बांधायला लावला आणि गिरणीच्या गेटावर उभी करून सांगितलं, "पंधरा पुरी झाल्यात." पंधराच्या आतल्या पोरांना पुरी पाळी मिळत नव्हती, पगारही अर्धाच. गेटावरच्या बाबूनं पोरीला एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं आणि पंधरा लिहून टाकलं. त्याच्या बापाचं काय जात होतं?

तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं ईरम्मा वाइंडिंग खात्यात उभी होती. बॉबिनवरचं सूत पुठ्ठ्याच्या मोठ्या कोनावर गुंडाळून घ्यायचं, मधे तुटलं की चुटकीसरशी गाठ मारायची, पुन्हा मशीन सोडायचं. एवढंच काम, पण सकाळी सातच्या भोंग्यापासून दुपारी साडेतीनपर्यंत डोळा हलवायचा नाही. नवरा शंकरप्पा त्याच गिरणीत होता, नऊ वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेला. चार लेकरं झाली, त्यातली तीन गेली आणि उतारवयात झालेली महानंदा तेवढी राहिली.

आणि ही महानंदा, बरं का, मॅट्रिकला फर्स्टक्लास आली! चाळीत पेढे वाटले. शहात्तर सालच्या जूनमध्ये तिला डी.एड.ला जागा मिळाली. दोन वर्षं शिकायचं, मग मास्तरीण व्हायचं. ईरम्माला अंगठ्याखेरीज काही येत नव्हतं, पण लेकीची वही ती रोज हातात घेऊन बघायची. उलटी धरली तर महानंदा हसायची आणि सुलटी करून द्यायची.

असं सगळं बरं चाललेलं असताना ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टाइमकीपरनं कागद आणून दिला. महिनाअखेर रिटायर. नोकरी गेली की गिरणीच्या चाळीतली खोलीही गेली. खोली ठेवायची असेल तर एकच वाट होती, घरातलं दुसरं कुणीतरी ईरम्माच्या जागी मशीनवर उभं करायचं. घरात दुसरं होतं कोण?

"मी जाते की अव्वा," महानंदा म्हणाली. तिनं तो कागद दोनदा वाचला होता. "तुझ्या जागी मला घेत्यात. शिकायचं काय, मागनं बाहेरून परीक्षा देता येती."

ईरम्मानं फाडकन तिच्या थोबाडीत दिली. आयुष्यात पोरीवर पहिल्यांदा हात उचलला होता. मग स्वतःच चुलीपुढं बसून रडायला लागली. "पुन्ना गिरणीचं नाव काढलंस तर जीभ हासडून ठेवीन. मी गेले तितं, बास झालं. आपल्या घरातलं दुसरं कुणी जायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी युनियनच्या माणसाकडून तिनं अर्ज लिहून घेतला. माझं वय भरतीच्या वेळी पाच वर्षं जास्त लिहिलं गेलं, ते दुरुस्त करावं आणि मला आणखी पाच वर्षं कामावर ठेवावं. ऑफिसात विचारलं, शाळेचा दाखला? शाळेचं तोंड कुणी बघितलं होतं! जन्माची नोंद? गावच्या पाटलाचं दप्तर वाळवीनं कधीच खाल्लं होतं. मग साहेबानं अर्जावर शेरा मारला, की गिरणीच्या डॉक्टरांनी बाईला बघून वय ठरवावं आणि ते सांगतील तेच धरावं. तारीख पडली तेवीस ऑगस्ट, श्रावणातला शेवटचा सोमवार.

ईरम्माला वाटलं, जिंकले. खरं ते दिसणारच की. ती हसत खात्यात आली आणि टाइमकीपरला ही बातमी सांगितली. तो खो खो हसायला लागला. "तू पंचावन्नाची? अगं आरशात बघितलंस का कधी? डोळ्याखाली ह्या दोन पिशव्या लोंबत्यात, त्यात शेरभर ज्वारी मावंल. डाक्टर काय आंधळा हाय व्हय?"

मेल्याची जीभ! पण त्या रात्री ईरम्मानं खरंच आरसा घेतला. आरसा म्हणजे काय, शंकरप्पाच्या दाढीचा, कोपरा उडालेला. नवरा गेल्यापासून तिनं त्यात धड पाहिलंच नव्हतं. कपाळाला विभूती लावायची ती सवयीनं, हात आपोआप जायचा. आता कंदिलाजवळ धरून बघितलं. डोळ्यांखाली दोन फुगीर वळ्या, त्यांवर बारीक बारीक सुरकुत्यांचं जाळं, कडेला कावळ्याच्या पायासारख्या रेघा. हे तोंड साठाचं नव्हतं, पासष्टाचं होतं. बाकी हात, दंड, दात बघा, सगळं शाबूत. सगळा दगा त्या दोन बोटं कातडीनं केला होता.

"शिवा शिवा," ती पुटपुटली, "एवढ्याशा कातड्यावर माझ्या लेकीचं सगळं अडकलं व्हय?"

मग जी काय धांदल उडाली ती काही विचारू नका. हातात जेमतेम अडीच आठवडे होते. कुणी सांगितलं बटाट्याच्या चकत्या ठेव, ठेवल्या. कुणी सांगितलं काकडी, काकडी आणली. चहाचा चोथा फडक्यात बांधून डोळ्यांवर घेतला, त्याचे डाग पडले आणि दोन दिवस ती कुणी मारल्यासारखी दिसत होती. तुरटीच्या पाण्यानं कातडी जरा आवळायची, पण तासाभरात पुन्हा सैल. एकीनं चंदन उगाळून लावायला सांगितलं, दुसरीनं पितळेची वाटी माठात गार करून डोळ्यांवर दाबायला सांगितली. ईरम्मानं सगळं केलं. सकाळी उठली की आधी आरसा. आणि सकाळी तर पिशव्या जास्तच फुगलेल्या असायच्या, अशा की डोळे बारीक व्हायचे. पायही सुजायचे, पण त्याचं तिला काही वाटत नव्हतं. उभ्यानं काम करणारीचे पाय सुजायचेच.

चाळीत काय बोलतात ते कानावर येत होतं. रांडमुंड बाई, पोरगी लग्नाला आली आणि हिला या वयात नटायचं सुचतंय. चन्नम्मा म्हणून एक होती समोरच्या खोलीत, ती तर नळावर सगळ्यांदेखत म्हणाली, "कुणाला दाखवायचं हाय गं तोंड, ईरम्मा?" एरवी ईरम्मानं तिची अशी खरडपट्टी काढली असती की तिनं महिनाभर नळावर पाऊल ठेवलं नसतं. आता ती नुसती घागर घेऊन आत आली. तिला भांडायलासुद्धा त्राण नव्हतं. भांडलं की रडू येतं आणि रडलं की डोळे फुगतात.

पण रडू येतच होतं. रात्री पोरगी अभ्यास करता करता झोपली की ईरम्मा तिच्या उघड्या पुस्तकाकडे बघत बसायची. महानंदा मशीनपुढं उभी आहे, केसांत सुताचा भुगा बसलाय, असं डोळ्यांपुढं यायचं. मग ती पदर डोळ्यांवर दाबून धरायची आणि स्वतःला शिव्या घालायची. "रडू नगंस गं भवाने, रडू नगंस. तेवढं तरी कर."

अर्जाला फोटो लागत होता. सोमवारच्या आधीच्या गुरुवारी पाळी सुटल्यावर ती नवी पेठेत चन्नवीरच्या स्टुडिओत गेली. चन्नवीर तिच्याच लिंगायत समाजातला, हसरा, तोंडात सदा पान. त्यानं फोटो काढला आणि शनिवारी ये म्हणाला. शनिवारी फोटो हातात घेतला तर ईरम्मा बघतच राहिली. फोटोतल्या बाईच्या डोळ्यांखाली काही नव्हतं! साफ, गुळगुळीत. बाई पन्नाशीची दिसत होती, त्याहूनही कमी.

"हे कुणाचं तोंड रं?"

"तुमचंच की मावशी. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली. लग्नाच्या पोरींच्या फोटोला असंच करावं लागतंय."

"मला असंच तोंड पायजे," ईरम्मा म्हणाली. तिनं चन्नवीरचा हातच धरला. "सोमवारी पायजे. घडीभर राहिलं तरी चालंल. फिरव की बाबा पेन्सिल."

चन्नवीर हसायला गेला आणि तिचं तोंड बघून थांबला. कुणासाठी, कशासाठी, सगळं त्यानं विचारून घेतलं. मग दाराशी जाऊन रस्ता बघून आला, पान थुंकला आणि तिच्या कानाशी वाकून बोलला. "एक उपाय हाय. पण मी सांगितलं म्हणून कुटं बोलायचं न्हाई. माझ्या घरात मला जेवायला वाढणार न्हाईत."

"बोल की."

"अंडं. अंड्यातलं पांढरं डोळ्याखाली लावायचं आणि वाळू द्यायचं. कातडी अशी ताणती, सुरकुती राहत न्हाई. दोन-तीन तास टिकतंय. मात्र तोंड हलवायचं न्हाई. हसायचं न्हाई, रडायचं न्हाई. पाणी लागलं की गेलं."

ईरम्मा स्टुडिओतून बाहेर आली. अंडं! सात पिढ्यांत कुणी शिवलं नव्हतं. गळ्यात लिंग. मटणाच्या कालवणाचा वास आला तरी अंघोळ करणारं घर. वर श्रावण. शिवाला काय तोंड दाखवायचं? चाळीपर्यंत चालत येईतो तिनं दहा वेळा नाही म्हटलं. आणि दारात आली तर महानंदा ओट्यावर बसून पुठ्ठ्याचे गोल कापत होती, पोरांना घड्याळ शिकवायचा पाठ होता म्हणे सोमवारी. "अव्वा, बघ की, काटे फिरत्यात," ती म्हणाली. ईरम्मानं ते बघितलं आणि तशीच मागं वळून बानूबीच्या दाराशी गेली.

बानूबी चाळीच्या टोकाला राहायची, चार कोंबड्या बाळगून होती. वीस वर्षांचा शेजार, पण ईरम्मा कधी तिच्या घरी पाणी प्यायली नव्हती आणि बानूबीनंही कधी आग्रह केला नव्हता. ईरम्मानं अंडं मागितलं तेव्हा तिला आधी वाटलं, हिचं डोकं फिरलं. मग सगळं ऐकलं आणि आतून अंडं आणून पदराआडून दिलं. "कायकू डरती गे? मुर्गी का अंडा है, साँप का नै."

महानंदा नळावर गेली तशी ईरम्मानं दार लावून घेतलं. आता लिंगाचं काय करायचं? अंगावरून लिंग उतरवायचं म्हणजे जिवंतपणी मरणं, ते तर होणारच नव्हतं. मग तिनं गळ्यातला दोरा फिरवला आणि लिंग पाठीवर सारलं. तिकडं राहू दे, म्हणाली. बघू नगंस बाबा इकडं.

आणि अंडं फोडलं. जन्मात पहिल्यांदा. फोडलं तर वाटीत काय? पाण्यासारखा बुळबुळीत रस आणि मधे एक पिवळा गोळा. पांढरं कुठंच नाही! बाईनं वाटी फिरवून फिरवून बघितली. चन्नवीर तर पांढरं म्हणाला होता. हे नासकं निघालं, तिला वाटलं, पाणी सुटलंय. तिनं नाक धरून ते पाणी मोरीत ओतून दिलं आणि उरलं ते निदान घट्ट तरी आहे म्हणून पिवळं डोळ्यांखाली फासलं. असा वास सुटला म्हणता! ती तशीच बसून राहिली, वाळायची वाट बघत, घशाशी येत होतं ते गिळत. वाळल्यावर आरशात बघितलं तर हळद लावलेल्या भुतासारखं पिवळं तोंड, पिशव्या जागच्या जागी. ईरम्मा मोरीत जाऊन भडाभडा ओकली. मग शिकेकाईनं तोंड घासघास घासलं आणि तिथंच फरशीवर बसून तोंडात पदर कोंबून रडली. धर्म बुडाला तो बुडाला आणि हातात काही आलं नाही.

बानूबीला सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. "अगे दीवानी! वो पानी फेंक दी? वोइच तो सफेदी है! आग पे रखे तो सफेद होती!" मग ईरम्माच्या डोळ्यांत बघितलं आणि तिचं हसू गेलं. सोमवारी सकाळी तिनं स्वतः अंडं फोडून, पिवळं वेगळं काढून, वाटी पदराखाली झाकून आणून दिली. पैसे घेतले नाहीत.

सोमवारी पहाटे ईरम्मानं डोकं धुतलं, पूजा केली, शिवापुढं पाच वेळा डोकं टेकलं. मग पोरीला पाण्याला पाठवलं, लिंग पाठीवर घेतलं आणि तो रस बोटानं डोळ्यांखाली लावून हातातल्या सुपलीनं वारा घातला. वाळत गेलं तशी कातडी ताणत गेली, चरचरली. आरसा घेतला. आणि काय सांगू, पिशव्या अर्ध्याहून जास्त बसल्या होत्या! रेघा दिसत नव्हत्या. फोटोतली बाई आरशात होती.

महानंदा घागर घेऊन आली आणि दारातच थांबली. "अव्वा! लई बरी दिसतीस गं आज!"

ईरम्मानं नुसतं "हं" केलं. हसू येत होतं ते दाबलं. तोंड हलवायचं नव्हतं. दवाखान्यापर्यंतच्या वाटेत पोरगी बडबडत होती, सकाळचे तास सोडून आईबरोबर आली होती, आणि ईरम्मा मान ताठ ठेवून डोक्यावर घागर असल्यासारखी चालत होती. दवाखान्याच्या दाराशी लिंबाखाली पोरीला बसवून ती आत गेली.

डॉक्टर पन्नाशीचे, चष्मेवाले, बोलायला सौम्य. गिरणीत नवीन होते. त्यांनी अर्ज वाचला, तिच्याकडं निरखून बघितलं, हात उलटे पालटे केले, दात बघितले. "लग्न कधी झालं? पहिलं मूल कधी?" ईरम्मा ओठ न हलवता मोजकं बोलत होती. डॉक्टर मान हलवत होते, आणि त्या मान हलवण्यावर ईरम्माचा जीव वरखाली होत होता. मग ते उठले. नळी कानाला लावून म्हणाले, "तिकडं तोंड करा, छाती बघतो." पाठीवर नळी ठेवली आणि खट्ट आवाज झाला.

डॉक्टर थांबले. "हे काय?"

ईरम्मानं पदर पाठीवर ओढून घेतला.

"बाई, आमच्याही घरात लिंग आहे. हे पाठीवर कसं?"

कुणी रागावलं असतं तर ती टिकली असती. या माणसानं इतक्या हळू विचारलं की तिच्यानं राहवेना. अडीच आठवडे दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं. "अंडं लावलंय सायेब तोंडाला," ती म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. "त्याला दिसू नये म्हणून मागं घेतलंय."

पाण्यानं पापुद्रा सुटला, गालांवरून चिकट ओघळ आले. डॉक्टरांनी तिला समोर वळवून बसवलं, ओला कापूस घेऊन डोळ्यांखालचं पुसलं. पिशव्या पुन्हा वर आल्या. ते त्या पिशव्यांकडं बघत राहिले आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी खाली वाकून तिच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला. तिथं खड्डा पडला आणि भरून यायलाच तयार नव्हता.

"सकाळी जास्त सूज असते?"

"न्हाई."

"लघवी कमी होते?"

"न्हाई."

"दम लागतो?"

"न्हाई, न्हाई. मला काय झालं न्हाई सायेब. ही रडून आलीया."

डॉक्टर खुर्चीत बसले. पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. "ईरम्मा, नीट ऐका. तुमचं वय पंचावन्नच आहे. दातांवरून, हातांवरून मला दिसतंय, तुम्ही खोटं बोलत नाही. पण मग ही सूज म्हातारपणाची नाही. ही मूत्रपिंडाची असणार. तसं लिहिलं की तुम्ही कामाला नालायक, म्हणजे उद्यापासून घरी. आणि सूज म्हातारपणाची आहे असं लिहायचं तर साठ लिहावं लागतं, म्हणजे महिनाअखेर घरी. मी करू काय?"

दोन्हीकडून घरच. अडीच आठवडे ती दोन बोटं कातडी आवळायला बघत होती आणि ही असली वस्तू तिच्याखाली बसली होती तर!

"तिसरं काय न्हाई का, सायेब?"

"तिसरं काय असणार?"

"रडून सुजलेत असं लिवा की. खोटं न्हाई. लई रडले. इचारा कुणालाबी."

"रडून पाय सुजत नाहीत, बाई." ते जरा चिडले, मग पुढं वाकून म्हणाले, "सिव्हिल हॉस्पिटलची चिठ्ठी देतो. दोन-तीन महिने भरती व्हा, आराम करा, अळणी खा. हे असंच ठेवून रोज आठ तास मशीनवर उभ्या राहिलात तर मी दोन वर्षांचीसुद्धा खात्री देत नाही."

ईरम्माचं रडणं थांबलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बोटांची पेरं मोजायला लागली. हा श्रावण, पुढचा श्रावण. मग शिमगा. मग महानंदाची शेवटची परीक्षा. तिनं पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजलं.

"दोन वर्षंबी पुरी लागत न्हाईत, सायेब," ती म्हणाली. "पावणेदोनच. पोरीचं तेवढंच राहिलंय. तेवढं निभावती मी. तुमच्या पाया पडते, आज पंचावन्न लिवा आणि बाकीचं लिवू नगा."

"मी डॉक्टर आहे, ईरम्मा."

"व्हय की. मीबी आई हाय." तिनं हात जोडले. "भरती झाले तर नोकरी जाती, खोली जाती. पोरगी माझ्या मशीनवर उभी राहती. मग मी बरी होऊन करू काय? ते बघायला जगू?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. बाहेर महानंदा कुणाशी तरी बोलत होती, तिचा आवाज खिडकीतून येत होता. डॉक्टरांनी एकदा तिकडं बघितलं. मग अर्ज पुढं ओढला आणि लिहिलं. शिक्का मारला. सिव्हिलची चिठ्ठी वेगळ्या कागदावर लिहून तिच्या हातात दिली. "ही तरी घ्या. दर रविवारी जा. मीठ बंद. आणि कुणाला सांगू नका, माझीही नोकरी आहे."

ईरम्मा त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकली, पण त्यांनी ठेवू दिलं नाही. तिनं लिंग फिरवून पुढं घेतलं आणि चिठ्ठी चोळीत खोल सारली.

लिंबाखालून महानंदा पळतच आली. "काय झालं गं?"

"पाच वर्षं दिली."

पोरीनं आईला गच्च मिठी मारली, तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्या लोकांसमोर. मग मागं सरून बघितलं. "अगं, किती रडलीस? डोळे बघ कसे सुजलेत."

"सुजू दे. आता कोण बघतंय?"

"मी नोकरीला लागले की तुला घरी बसवती बघ. पाच पुरी करायची न्हाईत. आत्ताच सांगून ठेवती."

"न्हाई करत," ईरम्मा म्हणाली. "दोनच. मग बसते की मी."

"वचन?"

"वचन."

महानंदा हसत तिचा हात धरून चालायला लागली. अकरा वाजायला आले होते. ईरम्मानं अर्ध्या पाळीची सुटी घेतली होती, तिला खात्यात जायचं होतं. गिरणीच्या गेटाशी तिनं पोरीचा हात सोडवला आणि तिला कॉलेजकडं पिटाळलं, दुपारचा पाठ बुडू नये म्हणून.